शालनचं म्हणा

"ट्यून झालं असेल तर गाणं सुरू करा, ताई."

कार्यक्रम ठिवणारं सर माईकवरनं बोललं. सगळ्या हॉलला ऐकू जाईल आसं. सांगलीतला मोठा हॉल. खाली माणसं बसल्याली, बायांच्या केसांत गजरं, बाप्यांचं झब्बं कडक इस्त्रीचं. आन वर माजी लेक शालन. मांडीवर लांबलचक कमान आडवी घिऊन, डोळं मिटून. ती मगाधरनं वाजवत व्हती.

तिनं डोळं उघडलं. म्हणाली, "सुरू हाय की, सर."

सगळा हॉल हासला.

वाईट हासणं न्हवतं त्ये. बारकं पोरगं बोबडं बोललं की हासत्यात, तसं. त्येच लय लागलं. शिवी दिली आसती तर बरं झालं आसतं. शिवीला उलटून शिवी देता येती.

मी खाली व्हते. भितीच्या कडंला, फरशीवर. आदी पुढच्या खुर्चीवर बसले व्हते. तर एक बाई आली, हसऱ्या तोंडाची, हातात फुलांचं ताट. "आजी, या खुर्च्या निमंत्रितांच्या आहेत. तुम्ही तिकडे आरामात बसा." आरामात मंजी फरशीवर. मी उठले. आमास्नी उठायची सवय हाय. सारा जलम दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवली. मालक आला की उठायचं. कुणी उठ म्हणायच्या आदीच माजं गुडघं उठत्यात.

शालननं परत डोळं मिटलं. परत कमानीच्या तातीवर सुताचा झुपका घासाया लागली. घुंईऽऽ आसा जाड आवाज. एकच. वर जाईना, खाली येईना. वायरी बगणारा गडी पळत वर आला आन डब्बं हलवाया लागला. त्येला वाटलं मशीन बिगडली. खालनं कोण तरी वराडलं, "अहो, तो स्पीकर बंद करा! कान गेले!"

गडी म्हणाला, "स्पीकर चांगला हाय, सायेब. बाईच तसं वाजवतीया."

परत हशा.

मग सरांनी त्येला हातानं खूण केली. त्येनं वायर काढली. शालनला पयलं कळलंच न्हाई. ती घासतच राह्यली. मगाशी हॉलभर व्हता त्यो आवाज, आता तिच्या मांडीपुरता झाला. मग तिला कळलं. थांबली.

"वेळेअभावी आपण पुढच्या कलाकाराकडे वळू या," सर म्हणालं. "ताईंसाठी टाळ्या. धाडस केलंय त्यांनी."

मागल्या खोलीत चहा व्हता. सर तितं आलं. आवाज गोड, बोलणं मऊ, खांद्यावर शाल. म्हणालं, "आम्हाला वाटलं तुम्ही ओव्या म्हणाल. मेंढपाळांच्या, जात्यावरच्या. केवढा खजिना आहे तुमच्याकडे! आणि हे काय घेऊन बसलात? हे संगीत नाही, ताई. नुसता आवाज आहे."

शालन म्हणाली, "व्हय. आवाजच हाय."

"मग आवाज घरी करायचा."

चहा तसाच ठिवून आमी निगालो. यष्टीत कमान बसंना. तिरकी धरली तर माणसांच्या तोंडाला लागायची. कंडक्टर म्हणाला, "मावशी, धनुष्य घिऊन कुटं? रावण मारायला निगालायसा काय?"

शालन म्हणाली, "न्हाई ओ. रावण सांगलीतच ऱ्हायला."

सगळी यष्टी हासली. तीबी हासली. मग खिडकीकडं तोंड केलं आन इट्याचा स्टँड येऊस्तवर वळवलं न्हाई.

शालन कोण, ह्ये सांगितलं पायजे. कारण आता ज्यो उठतो त्यो तिच्याबद्दल सांगतो, आन कुणालाच म्हायती न्हाई.

आमचं गाव वडूजच्या पल्याड, माळावर. आमी धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घिऊन किष्णाकाठाला उतरायचं, पावसाच्या तोंडाला माघारी. शालन त्यातच वाढली. शाळा जमंल तशी. मी तर दुसरीच्या पुढं गेलेच न्हाई. तिचं कान मातूर लानपणापास्नं येगळं. दुसरी पोरं जत्रंत शिट्टी मागायची. ही एकसारखं दिसणारं दोन तांबं मागायची. एकावर एक आपटून तितंच बसायची, कान लावून.

उंब्रजला दिली. रस्त्यावरचं गाव, सासरचं घर खाऊनपिऊन बरं. पर पिठाची गिरण चालू झाली की ही हातातलं काम टाकून भितीला कान लावून उबी. भाकरी करपायची. सासू म्हणाली, सुनंला झपाटलंय. लिंबू उतरलं, कोंबडं उतरलं. मग देवऋषाकडं न्हेली. त्येनं पाठीवर शिमटी मारली. माहेरी आली तवा पाठ काळीनिळी. मी तेल चोळत व्हते आन माज्या डोळ्याला धार. तर ही काय म्हणाली आसंल?

"आई, त्येच्याकडं एक घंटा व्हती. फुटकी. पर काय बोलायची गं!"

मार खाल्ला आन घंटा लक्षात ठिवून आली. आसली माजी शालन.

परत गेली न्हाई. त्येनीबी न्हेली न्हाई. सांगलीकडं एका सूतगिरणीत कामाला लागली. तिकडंच ऱ्हायची, सुट्टीला यायची. लोकं म्हणायची, गिरणीत कान फुटत्यात. हिचं उघाडलं. एकदा जेवाय बसलो आन ताटात हात ठिवून मला म्हणाली, "आई, दोन मशिनी हायत शेजारी. दोनींचा आवाज जवळजवळ सारका. सारका न्हाई, जवळजवळ. तर त्या दोनींच्या मधी तिसराच आवाज निगतो. वँवऽ वँवऽ वँवऽ आसा हालत्याला. त्यो हिचाबी न्हवं, तिचाबी न्हवं. कुणीच काडत न्हाई त्यो. पर हाय."

मी म्हणाले, "शाले, जेव आदी."

तिनं घरातली कमान काडली. माज्या सासऱ्यांची. लोकर पिंजायची कमान, माणसाएवढं लाकूड, त्येला मेंढीच्या आतड्याची तात. मालकांच्या माघारी आमी मेंढरं इकली, तवापास्नं ती आढ्याला टांगून व्हती. आमच्या घरात कुणीच ती वाजवली न्हाई. वाजवायची वस्तूच न्हवं ती. कुदळ कुणी वाजवतं का? पर हिनं त्या तातीशेजारी दुसरी तात बांदली. जवळजवळ तेवढीच ताणली. गिरणीतला सुताचा झुपका आणला, त्येला राळ लावली, आन दोनी तातींवर घासाया लागली. रुपयाएवढा एक बिल्ला लाकडाला चिकटवायची, त्येची वायर डब्यात, डब्यातनं आवाज मोठा व्हायचा. आन वर नाकातनं, गळ्यातनं आपला आवाज लावायची. त्योबी जवळजवळ.

मी कमानीचं एक टोक धरून बसायची. मला दोनच आवाज ऐकू यायचं. कवा कवा एकच. तिसरा न्हाई.

एकदा मी तिला बरं वाटावं म्हून म्हणाले, "आपली मेंढरं उन्हाचं बसून रवंत करत्यात, तसं वाटतंय बग."

तिनं हात थांबवला. "आई, ही मेंढरं न्हवंत. तूबी तसंच करू नगं. जो त्यो ह्यात कायतरी हुडकतोय. ह्ये कशासारकं न्हाई गं."

मी परत टोक धरलं.

त्या गिरणीतल्याच एका बाईनं सांगलीच्या कार्यक्रमाला तिचं नाव दिलं व्हतं. ग्रामीण महिला कलाकार म्हून. त्येचं काय झालं त्ये सांगितलं. त्येच साली बिरोबाची जत्रा आली. मंडळाची पोरं म्हणाली, आक्का, सांगलीत वाजवलंस, मग गावात का न्हाई? दुपारचं वाजीव. रातच्याला ऑर्केस्ट्रा हाय.

शालन हरकली. मला म्हणाली, "आपल्या माणसांस्नी कळंल."

मांडवात बसली. बाया पयल्यांदा बोलत व्हत्या, शेंगा फोडत व्हत्या. मग हळूहळू गप झाल्या. सगळा मांडव गप. मी शालनचं तोंड बगत व्हते. तिला कळलं की सगळी ऐकाय लागली. तिच्या तोंडावर आसं कायतरी आलं, मी त्ये आदी कवा बगितलं न्हवतं आन नंतरबी न्हाई. तिनं गळ्यातनं आवाज लावला. हात लांब जाईल तसं आंग मागंपुढं हालाय लागलं.

आन माजी थोरली जाऊ उठली. वराडली, "आलं गं बाय, आलं! शालीच्या आंगात आलं!"

भंडारा उडाला. ढोल सुरू झालं. बाया एकमेकीवर पडत पुढं आल्या, तिचं पाय धरलं.

"देवा, माज्या सुनंला पोरगं कवा हुईल?"

"देवा, बोर मारू का नगं? जागा दाव."

"देवा, माज्या म्हशीला काय झालं?"

शालन म्हणाली, "मी देव न्हवं! मी शालन हाय! आक्के, पाय सोड. मी वाजवतीया. ऐक की गं जरा!"

"देव रागावला! रागावला देव!" आन ढोल आणखी जोरात.

जवढी न्हाई म्हणाली तेवढा देव मोठा व्हत गेला. कुणीतरी तिच्या म्होरं नारळ फोडला. पाणी डब्यात गेलं. डब्बा मेला.

घरला येऊन ती उंबऱ्यात बसली. केसांत, कानांत भंडारा. म्हणाली, "सांगलीत म्हणालं, ह्ये काईच न्हाई. हितं म्हणालं, ह्ये समदं देवाचं. मग मी कुटं हाय गं, आई?"

मी पदरानं ताती पुसाय लागले. तातीत बसल्याली हळद निगता निगत न्हाई.

त्येच्यानंतर बाया ऐतवारी लिंबू घिऊन दारात याया लागल्या. शालन आली आसली सुट्टीला तर छपराचं दार लावून घ्यायची. कुणाला बोलवायची न्हाई. आत एकटी वाजवायची, फोनात भरायची. त्यो फोनातला आवाज कुटं कुटं टाकायची, जगाला ऐकू जातो म्हणायची. मी इचारायची, "ऐकला कुणी?" ती म्हणायची, "ऐकला की. मीच दोनदा."

मग तिच्या पोटात गाठ निगाली.

मिरजंच्या दवाखान्यात व्हतो. लय दीस. त्ये सांगत बसत न्हाई, ज्येनी भोगलंय त्येस्नी म्हायती हाय. कमान घरी. सुताचा झुपका तेवढा उशाखाली. तिच्या हातापायाच्या काड्या झाल्या व्हत्या. शेजारी एक मशीन व्हती, सारकी घुंई करायची. दुसऱ्या बायांस्नी त्येचा तरास. शालन मातूर मशिनीकडं तोंड करून निजायची.

एक दिवस दुपारची वेळ. भेटायला आलेली माणसं गेलेली. शालननं डोळं मिटलं आन मशिनीच्या आवाजाला आपला आवाज लावला. तोंड मिटून. बारीक. मला वाटलं कण्हतीया. मी जवळ गेले, कपाळावर हात ठिवला.

आन मला ऐकू आला.

मशिनीचा एक. लेकीचा एक. आन मधी, हवंत, कुणाच्याच तोंडातनं न निगालेला त्यो. हालत व्हता. वँवऽ वँवऽ. शालननं आपला आवाज मुंगीच्या पावलाएवढा वर न्हेला की त्यो जोरात हालायचा. खाली आणला की हळू. ती त्येला चालवत व्हती. हातात काई न्हाई, आंगात बळ न्हाई, आन पोरगी हवा हालवत व्हती.

देव न्हवता त्यो. मी देव बगितल्यात आंगात आलेलं. मेंढरं न्हवती. मेंढरांत तर जलम गेला. रडणंबी न्हवतं. मी आजपतूर कवाच आसलं काई ऐकलं न्हवतं. इतकी वर्सं टोक धरून बसले आन ऐकलं तितं, फिनेलच्या वासात.

नर्सबाई आली. "ओ मावशी, पेशंटला कण्हू देऊ नका. डॉक्टरांना बोलवू का?"

शालन थांबली. नर्सबाई गेली तसं डोळं उघडून माज्याकडं बगितलं. तिला कळलं व्हतं.

"ऐकलास?"

"ऐकला."

"कशासारका व्हता?"

मी लय इचार केला. म्हणाले, "कशासारकाच न्हाई."

ती हासली. "हां," म्हणाली. "आता बरूबर."

दिवाळीच्या आदी गेली.

माती द्यायला गाव आला. थोरल्या जावंनं भंडारा टाकला आन म्हणाली, देवानं आपलं माघारी न्हेलं. मरणसुदीक तिचं ठिवलं न्हाई.

मग म्हैनं गेलं आन दारात गाडी आली. सर. त्येच सर, खांद्यावर शाल. पुण्याच्या कोणा माणसानं शालनचं फोनातलं ऐकलं म्हणं. त्येनं कुटंतरी लिवलं. मग परदेशातली माणसं ऐकाय लागली. सर माज्या म्होरं हात जोडून बसलं. म्हणालं, "आजी, आम्ही त्यांना ओळखू शकलो नाही. आमची चूक झाली. आता त्यांच्या स्मरणार्थ मोठा कार्यक्रम करतोय. तोच हॉल."

खोटं कशाला बोलू? मला वाटलं, झालं. आता त्या हॉलात त्यो तिसरा आवाज घुमंल. हासलेली माणसं गप बसून ऐकतील. ती न्हाई, पर तिचं ऐकतील. मला दुसरं काय पायजे व्हतं? मी कमान दिली. शालन जिच्या संगं ऱ्हायची त्या गिरणीतल्या बाईनं फोनातलं समदं काडून दिलं.

सर कमानीवर हात फिरवत म्हणालं, "हजारो वर्षांची परंपरा आहे ही."

मी म्हणाले, "सर, कमान लोकर पिंजायची हाय. ती कुणी वाजवत न्हवतं. शालननं काडलं ह्ये. गिरणीत ऐकून."

सर हासलं. माजा हात हातात घेतला. "आजी, तुमच्याकडे काय आहे ते तुम्हालाच ठाऊक नाही."

कार्यक्रमाला गाडी पाठवली. ह्या येळंला मला पुढं, सोफ्यावर. फुलांच्या ताटवाली बाई आली, माज्या पाया पडली, आन माज्या आंगावर घोंगडं पांगरलं. "फोटोत छान दिसेल, आजी. पारंपरिक."

मी म्हणाले, "बाय, मला उकडतंय."

"थोडाच वेळ."

वर पडदा. पडद्यावर डोंगर, मेंढरं, काठी घेतलेला बाप्या. आन शालनचा फोटू, केवढा थोरला. मी बगितला आन डोळं बारीक करून परत बगितला. तिच्या नाकात नथ. शालननं लगनातसुदीक नथ घातली न्हवती, नाक दुखतं म्हणायची. खांद्यावर घोंगडं. त्यो फोटू गिरणीच्या दारातला व्हता, साध्या साडीतला, मला ठाव हाय. मी शेजारच्या माणसाला इचारलं तर त्यो म्हणाला, कंप्युटरवर घातली, आजी. छान दिसतात ना?

मेल्याली लेक. कुणी तिचं नाक धरून नथ घातली. तिला न इचारता, मला न इचारता.

सरांचं भाषण झालं. धनगर, डोंगर, आदिम, परंपरा. शालनचं नाव एकदा घेतलं आन पुढं 'या समाजाच्या वेदनेचा हुंकार' म्हणालं. वेदना? पोरगी वाजवताना खुश आसायची ओ.

मग उजेड मंद झाला. मी पदर सावरला. कान दिला.

तबला सुरू झाला. मग बासरी. पोरी नाचत आल्या, नऊवारी, कपाळभर भंडारा. मी वाट बगतीया. आता येईल, आता येईल. लय येळानं त्या तबल्याच्या बुडाला कायतरी घुंईघुंई ऐकू आलं. ती व्हती. माजी शालन. गोठ्यातल्या माशीवाणी बुडाला.

आन त्यो तिसरा न्हवता.

मी जीव कानात आणला. दोनी ताती एकच लागत व्हत्या. सारक्या. सरळ, गप, मेल्यागत. हालणंच न्हाई.

मी उठले. घोंगडं खाली पडलं. पायरी चढून वर गेले. नाचणाऱ्या पोरी बाजूला झाल्या.

"बंद करा."

सर माईक घिऊन पळत आलं. "आजी, आजी. आम्ही भावना समजू शकतो."

"भावना न्हाईत. ह्यो तिचा आवाज न्हवं. हालायचा बंद कसा झाला?"

तितं मशिनीवर बसलेला माणूस म्हणाला, "आजी, थोडा सुरात आणलाय. मूळचा जरा बेसूर होता. लोकांना सहन होईल असा केला."

"मग त्यो लोकांचा झाला. तिचं नाव काडा."

सरांनी माईक माज्या तोंडाम्होरनं बाजूला न्हेला न्हाई. त्येंना वाटलं आसंल, म्हातारी आशीर्वाद देईल. मी म्हणाले, "हिला तुमी ह्याच हॉलात गप केली. तवा ती जित्ती व्हती, घरला जाऊन परत वाजवाय लागली. आता मेलीया. आता गप केली तर ती परत बोलायची न्हाई."

मी खाली हॉलाकडं बगितलं.

आन मग टाळ्या. समदा हॉल उबा ऱ्हाऊन टाळ्या वाजवाय लागला. बायांनी डोळं पुसलं. त्यास्नी वाटलं ह्ये कार्यक्रमातलंच हाय.

त्यो हशा बरा व्हता त्या टाळ्यांपरास. हशा निदान खरा व्हता, त्यास्नी ती आवडली न्हवती.

मी पिशवीतनं शालनचा फोन काडला. म्हणाले, "ह्ये लावा. हाय तसं. तबला नगं, नाच नगं."

"किती वेळाचं आहे, आजी?"

"सपंल तवा सपंल."

सर घड्याळाकडं बगाय लागलं. "आजी, हॉलची वेळ... अजून सत्कार आहेत. आपण पुढच्या वेळी नक्की."

कमान स्टँडवर लावून ठिवली व्हती, तिला झेंडूची माळ घातलेली. मी माळ काडली. कमान खांद्यावर घेतली. एका बाईनं शाल आन नारळ पुढं केला. मी घेतला न्हाई. पोरीस्नी म्हणाले, वाट द्या गं. जिन्यावरनं खाली येताना मागं तबला परत सुरू झालेला ऐकला.

सांगलीच्या स्टँडवर यष्टीची वाट बगत कमान घिऊन बसले. लोकं बगत व्हती. बगू देत.

आता दोन्हीकडनं माणसं येत्यात. सरांचा निरोप येतो, कमान संग्रहालयाला द्या, काचंत ठिवू. जाऊ येती, म्हणती कमान बिरोबाच्या देवळात ठिवू, शालीचं ठाणं करू, पूजा हुईल. दोघांनाबी मी दारातनंच माघारी लावलं. जाऊ म्हणाली, "म्हातारे, देवाला न्हाई म्हणतीस?" म्हणाले, देवाला न्हाई म्हणत न्हाई. शालनला व्हय म्हणतीया.

मला वाजवता येत न्हाई. ताती वाळत चालल्यात, एक दिवस तुटतील. फोन चालू करायला तेवढं शिकले. ज्येला ऐकायचं त्येनं छपरात यावं, खाली बसावं, चपला भायेर. मी लावती. आवडलं न्हाई तर उठून जावा, मला राग न्हाई. कटाळा आला म्हणा, कान दुखला म्हणा, खरं बोलल्याचा राग कसला. पर देव म्हणाला तर फोन बंद. धनगरी म्हणाला तर फोन बंद. बिचारी म्हणाला तरीबी बंद. शालन नावाच्या बाईनं काडलेला आवाज हाय ह्यो. तिचं नाव घ्या आन मग बोला, काय बोलायचं त्ये. कालपरवा तरणी पोरं आली व्हती, चांगली शिकल्याली. ऐकून म्हणाली, आजी, ह्यात माळरान दिसतं. बंद केला. लावली वाटंला.

लोकं इचारत्यात, तुज्या माघारी ह्येचं काय हुईल? गाव म्हणतंय देवाला दिलंस तर ऱ्हाईल, सर म्हणत्यात परंपरा म्हून दिलंस तर ऱ्हाईल. ऱ्हात आसंल. मला ठाव हाय, मी मेले तर ह्यो फोन कुणाच्यातरी कचऱ्यात जाईल.

जाऊ दे. ऱ्हायलं तर तिचं म्हून ऱ्हाईल, न्हाईतर माज्यासंगं मरंल. दुसऱ्याच्या नावानं मी त्येला जगू देणार न्हाई.